ॲडमिन, जरा बघा की!

सकाळी सहा चाळीस. कडेगावकडच्या एखाद्या शेतकरी व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न पडतो, ‘टेंभू योजनेच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटतंय?’ त्याखाली अकरा गुलाब, तीन शुभ सकाळ, एक वाढदिवसाचा बॅनर, बॅनरवरच्या नेत्याला दुसऱ्या गटाचा टोमणा, टोमण्याला उत्तर, उत्तराला अंगठे. कुणीतरी खरी तारीख सांगितलेलीही असते, पण ती गुलाबाखाली गाडली जाते. मग हाक येते, ‘ॲडमिन, जरा बघा की!’

या बिनपगारी पाटलाला अधिकार तरी किती? गोंदिया जिल्ह्यातलं एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं गेलं होतं. सदस्यानं ग्रुपवर घाण लिहिलं, ॲडमिननं त्याला काढलं नाही, म्हणून ॲडमिनवरच गुन्हा! २०२१ मध्ये न्यायालयानं तो रद्द केला. ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं. संगनमत नसेल तर दुसऱ्याच्या मजकुराचं पाप त्याच्या माथी नाही. राज्यभरच्या ॲडमिनांनी त्या दिवशी पेढे वाटायला हवे होते.

२०२२ पासून मात्र ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज पुसताही येतो. गंमत अशी, की पुसला की कुणी पुसला तेही दिसतं. म्हणजे मेसेज जातो आणि वैर राहतं.

ग्रुपला कुलूप लावायचं बटण आलं २०१८ मध्ये. ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ केलं की भांडण थांबतं आणि ग्रुपही. उरतो तो ग्रामपंचायतीबाहेरचा सूचना फलक. मला विचाराल तर हे बटण जपूनच वापरावं.

त्याच २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेनं पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. इथं चेष्टा संपते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी ढकलायची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजला एकाच ठिकाणी जाऊ द्यायचं ठरलं, आणि असे मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं सांगितलं. कुणाचंही तोंड बंद केलं नव्हतं. नुसता स्पीडब्रेकर घातला होता.

व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधी मराठी माणूस नेटवर भांडत होता. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ चं, म्हणजे गूगल कंपनीपेक्षा दोन वर्षांनी थोरलं. अशा संकेतस्थळांवरच्या भांडणांनी भाषेला शब्दही दिले. एकच माणूस दोन नावांनी येऊन स्वतःचीच पाठ थोपटतो तो ‘डुआयडी’. फार वळवळला तर त्याचा ‘आयडी उडतो’. आणि वाद हाताबाहेर गेला की धागा ‘वाचनमात्र’ होतो. किती सभ्य शब्द आहे बघा! हाकललं म्हणायचं नाही, वाचा म्हणायचं.

आणि बिनमोबाईलची चर्चा? कडेगावात आता नगरपंचायत आहे, त्यामुळं ग्रामसभा बघायची तर आसपासच्या गावांत जायला हवं. तिथं गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी आकडा लागतो. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही! व्हॉट्सॲप ग्रुपात १०२४ जण मावतात. त्यातले बोलणारे मोजा, बहुतेक ग्रुप तहकूब सभेवरच चाललेले दिसतील.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. एकुलता एक ॲडमिन रागानं ग्रुप सोडून गेला, तर व्हॉट्सॲप उरलेल्यांतल्या एकाला परस्पर ॲडमिन करून टाकतं. तेव्हा ‘ॲडमिन झोपलाय का?’ असं टाइप करण्याआधी यादीत आपल्या नावापुढं काय लिहिलंय ते बघून घ्या.