प्रकाशाची मोजपट्टी
अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ गणले आहे, हे आम्हां व्यापाऱ्यांस नवीन नाही. आता खोक्याचे माप प्रकाश घेतो. कुरिअरवाले लांबी, रुंदी व उंची यांच्या सेंटिमीटरांतील गुणाकारास बहुधा ५००० ने भागून वजन धरतात; माल आत कापसासारखा हलका का असेना! ४० सेंटिमीटर लांब-रुंद-उंच खोके १२.८ किलो भरते. प्रत्येक बाजू १ सेंटिमीटर अधिक मोजली गेल्यास जवळजवळ १३.८. प्रकाशाच्या जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर काढणाऱ्या यंत्रास १ सेंटिमीटर ओळखण्याकरिता सेकंदाच्या अब्जांशाचा सुमारे पंधरावा भाग ओळखावा लागतो. १०० वेळा मोजून सरासरी घेतल्यास कधी कमी, कधी अधिक पडणारी चूक दहाव्या हिश्श्यावर येते. परंतु यंत्र तापल्याने एकाच बाजूस झुकलेले माप सरासरीने सुधारत नाही. त्यासाठी ज्ञात मापाचा ठोकळा पुढे ठेवून यंत्र पारखावे लागते. तो केव्हा ठेवला होता, हे आम्ही बिल देण्यापूर्वी विचारू.