रॉक मराठीत बसतं का? नंदू भेंडेंपासून सुरुवात

वर्ध्याहून रेकॉर्ड करतोय, मागे पंख्याचा आवाज येईल, सांभाळून घ्या. पंखा बंद केला तर मीच बंद पडीन.

मराठीत रॉक का नाही, हे मला बरेच जण विचारतात. मी उलटं विचारतो: नंदू भेंडे ऐकलाय का?

घर बघा आधी. वडील आत्माराम भेंडे, ज्यांनी बबन प्रभूंची 'दिनूच्या सासूबाई राधाबाई', 'झोपी गेलेला जागा झाला' अशी फार्स गाजवली. आई आशा भेंडे, अभिनेत्री आणि वर लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक. नाटकाच्या घरातला पोरगा, आणि मुंबईत १९७०च्या दशकात गातोय काय तर इंग्रजी रॉक! वेल्व्हेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर ही त्याच्या बँडांची नावं. नातेवाईकांना ती सांगताना काय होत असेल, कल्पना करा.

तेव्हा बँड असणं म्हणजे हॉलमध्ये, कॉलेजात वाजवणं. स्वतःची रेकॉर्ड निघणं फार कठीण. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी बँडांच्या स्पर्धा व्हायच्या, त्यांच्या १९७० आणि १९७१च्या रेकॉर्ड आजही जुनं शोधणारे लोक शोधत असतात. बाकीचं बहुतेक वाजलं आणि हवेत गेलं.

नंदूला मोठं व्यासपीठ मिळालं ते नाटकातच. १९७४ साली अलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हा रॉक ऑपेरा केला, त्यात नंदू ज्युडास झाला. हा रोल गंमत नाही. या ऑपेरात गोष्ट बऱ्याच अंशी ज्युडासच्या नजरेतून दिसते. गद्दार म्हणून ज्याला आपण ओळखतो तोच शंका विचारतो, चिडतो, तुटतो, आणि हे सगळं वरच्या पट्टीत ओरडून गायचं असतं. गोड गळा इथे कामाचाच नाही.

आता खरी गोष्ट. १९७८. पुण्याची थिएटर अकॅडमी 'तीन पैशाचा तमाशा' करते. मूळ नाटक ब्रेख्तचं, संगीत कुर्ट वाइलचं, १९२८ सालचं बर्लिन. मराठी रूप पु. ल. देशपांड्यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. संगीतात भास्कर चंदावरकर, आनंद मोडक यांच्यासोबत नंदू, आणि नाटकातला मुख्य गुंडही तोच. एकाच रंगमंचावर लावणी, नाट्यसंगीत आणि पाश्चात्त्य रॉक-पॉप. गुंडाच्या तोंडी तंबोऱ्याऐवजी गिटारचं संगीत! माझ्या मते हा त्या प्रयोगातला सगळ्यात हुशार निर्णय. हा माणूस कायद्याच्या बाहेरचा आहे, हे गाणंच सांगून टाकतं.

लोक म्हणतात, मराठी शब्द रॉकच्या ठेक्यावर बसत नाहीत. मला हे पटत नाही. रॉकमध्ये ड्रमचा जोराचा फटका साधारण दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, आणि तिथे तुटक, आखूड शब्द लागतो. नाट्यसंगीतात आपण स्वर लांबवतो, तान घेतो, म्हणून वाटतं की भाषाच लांबट आहे. पण बोलताना बघा: चल, उठ, थांब, बस, मर. लिहिताना शेवटी 'अ' आहे, बोलताना तो गिळलेला. आपल्या वर्ध्याच्या चौकातलं 'चाल बे', 'काहून बे' म्हणून बघा, हातानं टेबल वाजवत. बसतंय ना? अडचण भाषेची नाही, पुस्तकी मराठीची आहे. पुलंसारखा बोलीचा कान असलेला माणूस लिहायला असला की गिटारला शब्द मिळतात.

मग डिस्कोची लाट आली. १९८२च्या 'डिस्को डान्सर'मधलं कृष्णावरचं गाणं, बप्पी लाहिरींचं संगीत, ते नंदूनं गायलंय. म्हणजे एकेकाळचा ज्युडास आता कृष्णाला हाक मारतोय. तुमच्यातल्या अनेकांनी तो आवाज ऐकलाय, नाव माहीत नसेल एवढंच.

११ एप्रिल २०१४ला नंदू गेला. वडील तेव्हा हयात होते, ते पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१५मध्ये गेले.

नाटकाचं दुखणं हेच आहे. गाणाऱ्यानं सगळा जीव ओतायचा, आणि पडदा पडला की उरतं ते बघणाऱ्यांच्या डोक्यात. तुमच्या घरात कोणी सत्तर-ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईला शिकायला होतं का? काका, मावशी, कोणीही. 'तीन पैशाचा तमाशा' बघितला होता का, गुंड कसा गायचा, हे विचारा आणि सरळ फोनवर रेकॉर्ड करा. व्हॉइस नोट मला पाठवा, पुढच्या भागात लावतो.