साप आणण्याआधी त्याचं घर बांधा

कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइल तुमच्यापुढे धरतो. पडद्यावर सोफ्यावर बसलेली एक मुलगी आणि तिच्या मनगटाभोवती शांतपणे वेटोळं घातलेला तपकिरी-सोनेरी साप. ‘‘आई, बघ ना. विषारी नाही, भुंकत नाही, रोज फिरायला न्यावं लागत नाही. आणूया?’’

तुमचं पहिलं उत्तर बहुधा ‘नाही’ असेल. पण विषय तिथेच संपला नाही, तर पुढचं वाचा. कारण त्या व्हिडिओत साप दिसतो, त्याची पेटी दिसत नाही. आणि सापाचं सगळं बरंवाईट त्या पेटीवरच अवलंबून असतं.

कुत्र्याला उकडलं तर तो थंड लादीवर जाऊन पसरतो. मांजर उन्हाची तिरीप शोधते. साप मात्र स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब तयार करू शकत नाही. अन्न पचवणं, कात टाकणं, आजाराशी झुंजणं यासाठी लागणारी उष्णता तो आजूबाजूने घेतो. तुम्ही त्याला पेटीत ठेवलं की त्याचं ऊन, त्याची सावली, त्याचा पावसाळा, सगळं तुमच्या हातात येतं. म्हणूनच या लेखाचं सांगणं एकच आहे. आधी पेटी बांधा, ती रिकामी चालवून बघा आणि मगच साप आणायचा की नाही ते ठरवा.

आधी कायदा

आपल्याकडचा कोणताही साप पकडून घरात ठेवता येत नाही. नाग, धामण, अजगर, दिवड, मांडूळ या सगळ्यांना वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. ‘पिल्लू आहे, बागेत सापडलं’ ही सबब चालत नाही. घरात साप निघाला तर वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे.

परदेशी सापांचे नियम वेगळे आहेत. घरात पाळण्यासाठी जगभर लोकप्रिय असलेला बॉल पायथन हा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींपैकी एक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रजाती आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ‘परिवेश २.०’ या सरकारी पोर्टलवर नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला तरी कळवावं लागतं. विकणारा कागदपत्रं दाखवायला टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा.

पाहुणा कोण आहे?

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. गवताळ माळ आणि विरळ जंगलात तो राहतो. दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात पडून राहतो आणि रात्री बाहेर पडतो. घाबरला की डोकं मध्ये लपवून शरीराचा गोळा करतो, त्यावरूनच त्याचं नाव पडलं. पूर्ण वाढलेला साप साधारण तीन ते पाच फुटांचा होतो.

आता दोन गोष्टी घरातल्या सगळ्यांनी बसून ऐकाव्यात. पहिली, तो उंदीर खातो. म्हणजे फ्रीझरमध्ये गोठवलेले उंदीर ठेवावे लागतात आणि पूर्ण वितळवून, कोमट करून द्यावे लागतात. जिवंत उंदीर पेटीत सोडून निघून जाणं धोक्याचं आहे, कारण तो सापालाच कुरतडतो. हे तुमच्या स्वयंपाकघराला, तुमच्या सासूबाईंना चालणार आहे का? आणि नागपंचमीचं दूध विसरा. साप दूध पिणारा प्राणी नाही. त्याला स्वच्छ पाणी लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हा साप नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात बॉल पायथनच्या एका मादीने २०२० मध्ये, वयाची साठी ओलांडल्यावर, अंडी घातली होती. आज हट्ट धरणारा मुलगा उद्या शिकायला परगावी जाईल. साप तुमच्याकडेच राहील.

एका तक्त्यातली पेटी

पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनसाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी हे कमीत कमी माप धरा. हे माप सुताराला सोयीचंही आहे. आठ बाय चार फुटांच्या प्लायवुडच्या एका तक्त्याचे चार बाय दोनचे चार तुकडे होतात. त्यातले तीन तुकडे तळ, छत आणि पाठ. चौथा मधोमध कापला की दोन्ही बाजू तयार. करवतीत थोडं लाकूड जातं, म्हणून पेटी मापाला अर्ध्या बोटाने कमी भरेल, एवढंच. पुढे काच येते.

प्लायवुड पाण्याला टिकणारं, म्हणजे मरीन दर्जाचं घ्या. जाडी १२ ते १८ मिलीमीटर. आतून सनमायका लावला किंवा पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन-तीन हात दिले तर पुसणं सोपं जातं आणि लाकूड फुगत नाही. आतले सगळे सांधे सिलिकॉनने बंद करा. मात्र बुरशीनाशक मिसळलेलं बाथरूमचं सिलिकॉन नको, माशांच्या टाकीसाठी मिळतं ते घ्या. काम झालं की पेटी उघडी ठेवून वास पूर्ण जाऊ द्या. नाकाला जरासाही वास येत असेल तर ती अजून तयार नाही.

देवदार किंवा पाइनचं लाकूड आणि त्यांचा भुसा मात्र टाळा. आपल्याला आवडणारा त्यांचा वास ज्या तेलांमुळे येतो, ती तेलं सापाच्या श्वसनाला त्रासदायक ठरतात.

दार समोरून उघडणारं ठेवा. रानात सापाला उचलून नेणारे पक्षी वरून झडप घालतात. झाकण उघडून वरून हात आला की माणसाळलेला सापही दचकतो. पुढच्या बाजूला तळाशी चारेक इंचांची फळी ठोका, म्हणजे आतली माती बाहेर सांडणार नाही. तिच्यावर खाचेची पट्टी बसवून पाच मिलीमीटरच्या दोन सरकत्या काचा लावा.

हवेसाठी थंड बाजूला खाली आणि उबदार बाजूला वर भोकं पाडा. गरम हवा वर चढून बाहेर जाते आणि खालून ताजी आत येते. भोकांवर आतून स्टीलची बारीक जाळी लावा.

अर्ध्या पेटीत ऊन, अर्धीत सावली

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पूर्ण पेटी सारखी गरम करायची नसते. एका टोकाला, जिथे साप ऊब घेतो तिथे, ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश तापमान ठेवायचं. मग जेवण पचवायचं असलं की साप उबेकडे जातो आणि पुरे झालं की सावलीत येतो. चार फुटांची लांबी लागते ती यासाठीही.

उबेसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर छताला लावतात. तो चिनी मातीच्या होल्डरमध्येच बसवा, प्लास्टिकचा होल्डर वितळतो. त्याच्याभोवती जाळीचा पिंजरा हवाच, कारण साप हीटरला वेटोळं घालायला मागेपुढे पाहत नाही. आणि कोणताही हीटर थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. तापलेली जागा पोटाला भाजत असतानाही साप तिथेच पडून राहतो आणि त्या भाजण्याच्या जखमा भरायला फार वेळ लागतो. विजेवर तापणारे नकली दगड मिळतात, ते तर घरात आणूच नका.

थर्मोस्टॅटचा सेन्सर साप ऊब घेतो त्या जागेजवळ पक्का बसवा. तो सुटून पाण्याच्या भांड्यात पडला तर थर्मोस्टॅटला वाटेल, पेटी थंडच आहे, आणि हीटर तापतच राहील. प्रत्येक टोकाला एक डिजिटल तापमापक ठेवा. वायर प्लगकडे नेताना तिला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता झोळाशीच गळून पडतं. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

तुमच्या गावचं हवामान

परदेशी व्हिडिओ पाहून बांधलेली पेटी आपल्याकडे फसते ती हवामानामुळे. तिकडे काळजी थंडीची असते. नागपूर, हैदराबाद किंवा जयपूरच्या मे महिन्यात काळजी उलटी असते. थर्मोस्टॅट तापवणं थांबवू शकतो, थंड करू शकत नाही. खोलीच ४० अंशांवर गेली तर पेटीत सापाला पळायला जागा उरत नाही. पेटीचं तापमान बराच वेळ ३५ च्या वर राहिलं तर जीव धोक्यात येतो. त्यामुळे पेटी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, उन्हाच्या खिडकीपासून लांब ठेवा. दुपारी वीज गेली तर काय करायचं, ते आधीच ठरवा.

दिल्ली-लखनौच्या जानेवारीत रात्री खोली दहा अंशांवर उतरते. तिथे हीटरसाठी इन्व्हर्टरची सोय आणि पेटीवर हवेची भोकं सोडून टाकायला जाड घोंगडी हवी.

मुंबई, कोकण, गोव्यात प्रश्न ओलाव्याचा. या सापाला ५५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते आणि कात टाकताना थोडी जास्त. त्याहून कोरडं झालं की कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवर अडकते. पण आषाढात आतली माती चिखलासारखी राहिली तर पोटाच्या खवल्यांना जखमा होतात, बुरशी येते. तोंड उघडं ठेवून श्वास घेणारा किंवा नाकातोंडातून बुडबुडे येणारा साप आजारी समजा आणि लगेच पशुवैद्याकडे न्या. अर्थात, साप तपासणारा पशुवैद्य तुमच्या शहरात आहे का, हे साप आणण्याआधी विचारून ठेवायचं.

तळाला नारळाच्या काथ्याचा भुगा दोन-तीन इंच पसरा. कुंडीत घालायला मिळतो तोच चालतो, फक्त खत मिसळलेला नको आणि आधी धुऊन त्यातला खार काढून टाका.

लपायला दोन जागा

बिळात राहणाऱ्या प्राण्याला उघड्यावर बसवलं की तो खाणं सोडतो. म्हणून उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक, अशा दोन लपायच्या जागा द्या. एकच दिली तर त्याला ऊब आणि सुरक्षितता यांपैकी एकाचीच निवड करावी लागते. महाग काही लागत नाही. मातीची कुंडी उलटी ठेवा, कडेला सापाचं शरीर सहज जाईल एवढी खाच पाडा आणि कडा घासून गुळगुळीत करा. आतली जागा ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर अंगाला भिंत टेकेल एवढीच हवी. जड वस्तू भुग्यावर नाही, थेट तळावर टेकवा. साप खालून उकरतो आणि वरचं ओझं त्याच्यावर कोसळू शकतं.

पाण्याचं भांडं जड आणि पसरट घ्या. ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. सापांच्या अंगावर, विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, हा घरातल्या प्रत्येकासाठी नियम. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर माणसं घरात असतील तर साप आणण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

फट आणि कुलूप

ज्या फटीतून सापाचं डोकं जातं, तिथून अख्खा साप जातो. दोन सरकत्या काचांच्या मधली फट, वायरसाठी पाडलेलं भोक, जाळीचा सुटलेला कोपरा, हे सगळं पेन्सिल घेऊन तपासा. पेन्सिल आत गेली तर पिल्लू बाहेर येईल. काचेला शोकेसचं कुलूप लावा आणि किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे ठेवा.

निसटलेल्या सापाचं आपल्याकडे काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. बॉल पायथनच्या अंगावरचे ठिपके लांबून पाहणाऱ्याला घोणशीसारखे वाटू शकतात. सोसायटीच्या जिन्यात तो दिसला तर काठ्या आधी येतील, चौकशी नंतर. याच्या उलट प्रकार आणखी भयंकर आहे. तुमचा साप हरवलाय, अंगणात अंधारात तसंच काहीतरी वेटोळं दिसतं आणि मुलगा आनंदाने हात पुढे करतो. ती खरीखुरी घोणस असेल तर? म्हणून पेटीतून साप नाहीसा झाला तर शेजाऱ्यांना लगेच सांगा. बाहेर दिसलेल्या कोणत्याही सापाला जाणकाराने ओळखल्याशिवाय हात लावू नका.

नकोसा झाला म्हणून परदेशी साप रानात सोडणं तर कधीच नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत आपल्या आशियातले बर्मी अजगर असेच पसरले आणि तिथल्या प्राण्यांवर संकट बनून बसले.

रिकाम्या पेटीची परीक्षा

पेटी तयार झाली? आता साप न आणता ती पंधरा दिवस चालवा. हीटर सुरू, पाणी भरलेलं, कुलूप लावलेलं. ज्याला साप हवाय, त्याने सकाळी, दुपारी आणि रात्री दोन्ही टोकांचं तापमान आणि आर्द्रता वहीत लिहायची. एक दिवस हीटरचा प्लग दोन तास काढून ठेवा आणि पेटी किती थंड होते ते बघा. पाणी रोज बदला. आठवड्यातून एकदा काच पुसा.

पंधराव्या दिवशी वही उघडा. आकडे स्थिर असतील आणि एकही रकाना रिकामा नसेल तर पेटी तयार आहे आणि तो मुलगाही. पण पाचव्या दिवसापासून रकाने कोरे असतील तर रागावू नका. उलट बरं झालं. ही गोष्ट रिकाम्या पेटीने सांगितली, आजारी सापाने नाही. त्या पेटीत पुस्तकं छान राहतील. आणि साप पाहायची हौस भागवायला पुण्याचं कात्रज सर्पोद्यान आहे, चेन्नईचं सर्पोद्यान आहे. एका रविवारी सगळे मिळून जा. काचेपलीकडे साप निवांत पडलेला दिसेल. मग नजर थोडी वर उचला आणि त्याचं घर कसं बांधलंय, तेही मुलांना दाखवा.