विमानामागची टेकडी

आजोबांच्या ट्रंकेत एखादा फोटो सापडतो. गवतात उभं छोटं विमान, शेजारी कोट-टोपीतले दोन गृहस्थ, मागे शाईनं एवढंच: ‘पूना’. घरातले म्हणतात, लोहगाव असणार. पहिली चूक इथेच होते.

लोहगावचा लष्करी तळ १९३९ चा. त्याआधीही पुण्यात विमानं उतरत होती. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणलं, ते जुहूला. पण पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं. मग दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असं सगळं बिऱ्हाड पुण्याला यायचं, येरवडा जेलच्या सावलीतल्या एका मैदानावर. आज ते कोणाच्या बोलण्यातही येत नाही. असं हरवलेलं मैदान फोटोवरून कसं शोधायचं, ते क्रमानं पाहू.

आधी फोटो सांभाळावा. आल्बमला चिकटला असेल तर ओढून काढू नये. पानासकटच स्कॅन करावा. सुटा असेल तर मागची बाजूही घ्यावी, कारण स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. १९६१ च्या पानशेतच्या पुरातून जे वाचलं, ते आपल्या हातून फाटायला नको.

मग फोटो उलटा तर छापलेला नाही ना, ते बघावं. भारतीय नागरी विमानांवर ‘व्हीटी’ ही इंग्रजी अक्षरं आणि पुढे आणखी तीन असतात. व्ही आणि टी आरशातही तशीच दिसतात, त्यामुळे त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. पुढची अक्षरं तपासावीत. जेआरडींच्या त्या पहिल्या उड्डाणाच्या पस मॉथ विमानावर व्हीटी-एडीएन होतं. त्यातले डी आणि एन उलटे झाले की लगेच कळतात. उलटा फोटो लक्षात आला नाही, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, टेकड्या डावीकडच्या उजवीकडे जातात.

काळ ठरवताना अक्षरांचाच उपयोग होतो. दुसऱ्या महायुद्धात अनेक खासगी विमानं सरकारनं ताब्यात घेतली आणि त्यांच्यावर लष्करी क्रमांक आले. अशा विमानावर राउंडल, म्हणजे हवाईदलाचं गोल चिन्ह, असतं. त्याचा मधला ठिपका लाल असे. १९४३ च्या मध्यापासून आपल्या भागात तो काढला, जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत नको म्हणून. कृष्णधवल फोटोत मधला भाग फिका दिसला, तर फोटो बहुधा त्यानंतरचा.

आता खरं काम. विमानावरून नजर काढून क्षितिजाकडे न्यावी. विमान आज इथे, उद्या तिथे. टेकडी हलत नाही. क्षितिजाची रेघ पातळ कागदावर पेन्सिलनं उतरवून घ्यावी. पर्वती, सिंहगड, जेलची भिंत, असं काही ओळखू येतं का ते पाहावं. एक जवळची आणि एक लांबची अशा दोन खुणा हव्यातच. आपण जागा बदलली की जवळची खूण भराभर सरकते, लांबची जवळपास तिथेच राहते. एकट्या सिंहगडावरून जागा ठरवायला गेलो तर अर्धं पुणे बसतं.

सावलीवरून दिशा काढताना पुण्यात एक खास फसगत होते. एरवी आपल्याकडे मध्यान्हीची सावली उत्तरेला पडते. पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य भर दुपारी आपल्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला जाते. टाटांची विमानं पुण्यात असायची ती नेमकी पावसाळ्यात! फोटोत गुडघाभर गवत आणि चिखलाचे बूट दिसले, तर दुपारच्या आखूड सावलीवर विसंबू नये.

यानंतर नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर, येरवडा आणि लोहगाव ४७ एफ/१४ या एकाच तक्त्यात येतात. शक्य तितकी जुनी आवृत्ती मिळवावी. कागदपत्रांसाठी टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज पुण्यातच आहे.

शेवटी प्रत घेऊन जागेवर जावं. इमारतींनी क्षितिज झाकलं असेल तर ओळखीच्या कोणाच्या गच्चीवर चढावं. फोटो डोळ्यांसमोर धरून टेकड्या जुळेपर्यंत सरकत राहावं. जुळल्या की जागा, तारीख आणि त्यातलं किती पक्कं, किती अंदाजाचं, ते प्रतीच्या मागे लिहावं. मऊ पेन्सिलनंच, शाई पुढच्या बाजूला उमटते.