पडसाद न देणारं विमान

पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना केट्स पॉइंटला गाडी थांबली, की शेजारच्या इको पॉइंटवर पोरं आधी स्वतःचं नाव ओरडतात. समोरच्या कड्यावरून ते परत येतं, जरा उशिरा आणि आवाज उतरलेला. रडार याहून निराळं काही करत नाही. त्याची हाक रेडिओलहरींची, इतकंच. पडसाद यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं.

आता हाच कडा कुणी तिरका तासून ठेवला, तर हाक भलत्याच दिशेला निघून जाईल आणि ओरडणाऱ्याला समोर मोकळं आभाळ असल्यासारखं वाटेल. ‘स्टेल्थ’चा पहिला डाव हा. लहरी शोषणाऱ्या रंगाचा बोलबाला फार, पण आधी आकार, मग रंग. १९८१ साली प्रथम उडालेलं एफ-११७ म्हणूनच नुसत्या तिरप्या पत्र्यांचं दिसतं. कडांवरून लहरी कशा विखुरतात याचं गणित मॉस्कोत प्योत्र उफिमत्सेव यांनी १९६२ मध्ये उघडपणे छापलं होतं. त्याचं सोनं केलं ते अमेरिकनांनी.

तरीही ‘अदृश्य विमान’ हा शब्द मथळ्यांपुरताच खरा. हाक जाताना विरळ होते, पडसाद येतानाही विरळ होतो. त्यामुळे विमानाचा रडारवरचा ठसा दहा हजार पटींनी घटवला, तरी ते दिसण्याचं अंतर दहाच पटींनी कमी होतं. २०० किलोमीटरवरून दिसणारं २० किलोमीटरवर दिसणारच. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात एफ-११७ पडलं, तेही जुन्या सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्रानं.

शिवाय उष्णता उरतेच. थंडीत वाईहून पसरणी घाट चढून आलेली एसटी पाचगणीच्या स्टँडवर उभी राहिली, की डोळे मिटूनही तिचं इंजिन कुठल्या बाजूला आहे ते सांगता येतं. उष्णतेचा माग काढणारं क्षेपणास्त्र असंच गालाला झळ लागल्यासारखं विमान हुडकतं. आणि ही झळ लपवणाऱ्यांत मुंबईत १९४४ साली जन्मलेला एक पारशी होता: नोशीर गोवाडिया.

१९६८ ते १९८६ तो नॉर्थ्रॉप कंपनीत होता. तिथल्या बी-२ बॉम्बर विमानाची चारही इंजिनं पंखांच्या जाडीत पुरलेली आहेत. त्यांचा धूर मागच्या टोकाला न सोडता पंखाच्या वरच्या अंगाला, पसरट खाचांतून सोडला जातो. गार हवेत मिसळून तो निवतो आणि खालून बघणाऱ्याच्या आड पंख येतो. या रचनेत गोवाडियाचा हात होता. २२ नोव्हेंबर १९८८ रोजी पामडेल इथे विमान लोकांना दाखवलं, तेव्हा पाहुण्यांना समोरच बसवलं होतं; मागची बाजू कुणाला दिसू नये असा चोख बंदोबस्त. ‘एव्हिएशन वीक’वाल्यांनी मात्र छोटं सेसना विमान भाड्यानं घेतलं आणि वरून त्या खाचांचे फोटो काढले. जमिनीवर एवढे पहारे, आणि आभाळाकडे बघायचं कुणाला सुचलं नाही! मला हा प्रसंग फार आवडतो.

गोवाडियाची गोष्ट मात्र गमतीची राहिली नाही. नोकरी सोडून तो सल्लागार झाला, हवाईतल्या माउई बेटावर घर बांधलं. २००३ ते २००५ या काळात त्यानं चीनच्या वाऱ्या केल्या आणि क्रूझ क्षेपणास्त्राची झळ कमी करणारं नोझल आखून दिलं. ऑक्टोबर २००५ मध्ये त्याला अटक झाली. बचाव असा, की दिलेली माहिती आधीच जगजाहीर होती. होनोलुलूच्या ज्यूरीला तो पटला नाही: १७ पैकी १४ आरोप सिद्ध, आणि जानेवारी २०११ मध्ये ३२ वर्षांची शिक्षा.

चीनकडून मिळालेली जी रक्कम खटल्यात पुढे आली, ती किमान १,१०,००० डॉलर. त्यातून तो माउईच्या घराच्या कर्जाचे हप्ते भरत होता.