जगाला कर्ता आहे काय? न्यायदर्शनातील ईश्वरानुमान आणि त्यावरील आक्षेप

ईश्वर आहे की नाही, हा प्राचीन भारतात श्रद्धाळू आणि अश्रद्ध यांच्यातील वाद होता, अशी समजूत सर्रास आढळते. परंतु या वादातील काही अत्यंत कठोर आक्षेप वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनी, इतकेच नव्हे तर ईश्वराची अनन्य भक्ती करणाऱ्या आचार्यांनीही घेतलेले आहेत. ईश्वर तर्काने सिद्ध होतो, ही भूमिका सर्वांत चिकाटीने लढवली ती न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, आणि त्यांच्यात मिथिलेच्या उदयनाचार्यांचे स्थान अग्रगण्य आहे. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या या पंडिताने ‘न्यायकुसुमांजली’ हा पाच स्तबकांचा ग्रंथ याच एका प्रश्नाला वाहिला, आणि ईश्वराविषयीची तर्कशुद्ध चिकित्सा हे मननच असल्यामुळे ती त्याची उपासनाच ठरते, असे ग्रंथारंभी सांगितले.

नैयायिकांचे मुख्य अनुमान थोडक्यात असे आहे: पृथ्वी, पर्वत, अंकुर इत्यादी गोष्टींना कर्ता आहे, कारण त्या ‘कार्य’ आहेत, म्हणजे पूर्वी नसून नंतर उत्पन्न झालेल्या आहेत, आणि जे जे कार्य असते त्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. ज्याविषयी काही सिद्ध करायचे तो ‘पक्ष’, जे सिद्ध करायचे ते ‘साध्य’, ज्याच्या बळावर सिद्ध करायचे तो ‘हेतू’, आणि हेतू जिथे आहे तिथे साध्यही असतेच हा अढळ संबंध म्हणजे ‘व्याप्ती’. पृथ्वी उत्पन्न होताना कोणी पाहिली नसली, तरी ती अवयवांची बनलेली आहे आणि अवयवांची बनलेली वस्तू केव्हा तरी जुळून आलेली असणारच, म्हणून तिला कार्य मानायचे. कर्ता म्हणजे तरी कोण? ज्या द्रव्यापासून वस्तू बनवायची त्याचे साक्षात ज्ञान, ती बनवण्याची इच्छा आणि त्यासाठीचा प्रयत्न, ही तिन्ही ज्याच्या ठायी आहेत तो. कुंभाराला माती दिसते; जगाचे मूळ द्रव्य मात्र परमाणू असल्याने ते साक्षात जाणणारा कर्ता सामान्य जीव असूच शकत नाही, तो सर्वज्ञच हवा. हा ईश्वर शून्यातून जग निर्माण करत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. परमाणू आणि आत्मे त्याच्याइतकेच अनादी आहेत, आणि तो जीवांच्या कर्मानुसार त्यांची जुळणी करतो.

यावरचा पहिला आक्षेप साधा आहे. रानात कोणी न पेरता, न शिंपता अंकुर उगवतो. तो कार्य आहे, पण त्याला कर्ता दिसत नाही, म्हणून व्याप्तीच मोडते. नैयायिकांचे उत्तर असे की अंकुर हा पक्षातच मोडतो; ज्याच्याविषयी वाद चालला आहे तेच व्याप्तीविरुद्धचे उदाहरण म्हणून पुढे करता येणार नाही. हे उत्तर वादशास्त्राच्या नियमात बसते, पण त्याने मनाचे समाधान होत नाही, कारण ज्या ज्या वस्तूचा कर्ता दिसत नाही ती ती पक्षात ढकलली, तर व्याप्ती कधीच खोटी ठरू शकणार नाही.

खरा घाव घातला तो सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्तींनी. मातीची विशिष्ट घडण पाहून कुंभाराचे अनुमान होते, ते मातीच्या घटांना कुंभार घडवतो हे आपण पाहिलेले असते म्हणून. केवळ मातीचा आकार या शब्दसाम्यावर विसंबले, तर वारूळही कुंभारानेच केले असे म्हणावे लागेल. प्रासाद पाहून स्थपती आठवतो, पण पर्वताची रचना त्या जातीची नसल्याने तिथे ते अनुमान लागू होत नाही. पुढे अकराव्या शतकात विक्रमशीला विहारातील रत्नकीर्तींनी ईश्वरसाधनाच्या खंडनासाठी स्वतंत्र ग्रंथच लिहिला. कार्यत्व ही सर्वत्र एकच जात आहे असे नैयायिक सांगत राहिले, तरी धर्मकीर्तींच्या या आक्षेपाला त्यांच्याकडून पुरेसे उत्तर मिळाले असे म्हणता येत नाही.

मीमांसक कुमारिल भट्टांचा रोख वेगळा होता. ईश्वराने करुणेपोटी जग निर्मिले म्हणावे, तर सृष्टीपूर्वी दुःखी जीवच नव्हते, मग करुणा कोणावर, आणि करुणेने निर्मिलेल्या जगात केवळ सुखच का नाही? दुःख हे ज्याच्या त्याच्या कर्माचे फळ, हे उत्तर नैयायिकांप्रमाणे वेदान्त्यांनीही दिले. मात्र कर्मच फळ ठरवत असेल तर ईश्वराची गरज काय, हा प्रश्न लगेच उभा राहतो. कर्म अचेतन आहे, आणि सुताराच्या हातावाचून वाकस चालत नाही तसे ते चेतन अधिष्ठात्यावाचून प्रवृत्त होत नाही, असा त्यावर नैयायिकांचा प्रतिवाद आहे, आणि त्यांच्या संपूर्ण मांडणीत हाच भाग अधिक बळकट वाटतो.

वैष्णवांचे आचार्य रामानुज यांनी ‘श्रीभाष्या’त घेतलेला पवित्रा मात्र सर्वांत विचारप्रवर्तक आहे. पृथ्वी, समुद्र, पर्वत हे सारे कार्य आहेत असे मानले, तरी ते एकाच वेळी एकाच कर्त्याने केले हे कशावरून? घट आणि प्रासाद वेगवेगळ्या काळी वेगवेगळे लोक करतात; तेव्हा पुण्यबळाने असामान्य सामर्थ्य लाभलेल्या अनेक जीवांनी जग घडवले, असेही अनुमान निघेल. शिवाय दृष्टान्तातला कर्ता देहधारी आणि अल्पज्ञ असतो, म्हणून त्याच्या आधारे अनुमिलेला कर्ताही तसाच ठरेल. अनेक कर्ते मानण्यापेक्षा एक मानण्यात कल्पनेचे लाघव आहे, असे नैयायिक म्हणतात. पण लाघवाने सोय होते, सत्य सिद्ध होत नाही. म्हणूनच ब्रह्माचे ज्ञान केवळ शास्त्रातून होते, अनुमानातून नव्हे, असा निर्णय रामानुजांनी दिला, आणि ज्या नारायणाची उपासना त्यांनी जन्मभर केली त्याला कुंभाराच्या दृष्टान्तावर उभे करण्याचे नाकारले.