घरबसल्या विक्री आणि वेष्टनाचा खर्च : कळवण परिसरातील लहान उत्पादकांसाठी



कळवण, अभोणा, कनाशी, दळवट या परिसराची ओळख आजवर कांदा, मका आणि डाळिंब यांमुळे झाली. आता त्यात आणखी एका उद्योगाची भर पडत आहे. नागलीचे पापड, घरगुती मसाले, बांबूच्या टोपल्या, वारली चित्रे रंगविलेले कापड, बोहाड्याचे छोटे मुखवटे अशा वस्तू भ्रमणध्वनीवर छायाचित्र दाखवून किंवा आंतरजालावरील बाजारपेठांतून पुणे-मुंबईच्या ग्राहकांस विकल्या जाऊ लागल्या आहेत. बचत गटांतील अनेक भगिनी यात पुढे आहेत, ही आनंदाची गोष्ट होय.

परंतु या भगिनींशी बोलताना एक तक्रार वारंवार आमच्या कानी येते. माल विकला जातो, ग्राहकाचे पैसे येतात, मात्र महिन्याच्या शेवटी हिशेब मांडला असता हाती फारसे काही उरत नाही. खोका, टेप, कुरिअर आणि फुटून परत आलेला माल यांतच नफा संपतो. म्हणून वेष्टनाचे साहित्य स्वस्तात कोठे मिळते, आणि त्याआधी 'स्वस्त' कशास म्हणावे, याचा थोडा विचार आपण येथे करू.

खर्च नेमका कोठे होतो?

आपली समजूत अशी असते की खर्च खोक्याच्या किमतीत आहे. वस्तुतः खोका दहा-वीस रुपयांचा असतो, आणि खरा खर्च तो खोका वाहून नेण्याचा असतो. कुरिअर कंपन्या पार्सलचे केवळ वजन पाहत नाहीत, तर ते वाहनात किती जागा व्यापते हेही पाहतात. त्यासाठी खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात आणि त्यास बहुधा ५००० ने भागतात. येणारा आकडा म्हणजे त्या पार्सलचे आकारमानानुसार ठरणारे वजन. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांपैकी जे अधिक असेल, त्यावर आकारणी होते.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, पाऊण किलो नागलीचे पापड घरात सापडलेल्या ३० × २५ × २० सेंटीमीटरच्या खोक्यात भरले. गुणाकार येतो १५,०००, आणि भागाकार येतो ३. म्हणजे पाऊण किलो पापडांसाठी तीन किलोचे भाडे द्यावे लागले. तेच पापड २५ × २० × १० सेंटीमीटरच्या खोक्यात बसविले, तर गुणाकार ५,००० होतो आणि वजन एक किलो धरले जाते. पहिला खोका फुकट मिळाला होता आणि दुसरा विकत घ्यावा लागला. तरीही दुसराच स्वस्त पडला.

वजनाचे टप्पेही ध्यानात घ्यावेत. दर बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढतात. अर्धा किलो मसाला खोक्यात भरला की वेष्टनासह तो ५०० ग्रॅमच्या पुढे जातो आणि पुढील टप्प्याचे भाडे लागते. त्याऐवजी ४०० ग्रॅमचा पुडा करून त्यावर वजन स्पष्ट छापले आणि किंमत त्या प्रमाणात ठेवली, तर सर्व मिळून पार्सल पहिल्याच टप्प्यात बसू शकते. यासाठी घरात एक लहान वजनकाटा असावा. माल तोलून झाल्यावर बंद केलेले पार्सलही तोलावे.

बांबूच्या टोपल्यांचा प्रश्न निराळा आहे. टोपली वजनाने हलकी, पण जागा फार व्यापते. एकच टोपली पाठविणे क्वचितच परवडते. तीन आकारांच्या टोपल्या एकीत एक बसवून संच म्हणून विकल्या, तर एकीच्या भाड्यात तिन्ही जातात.

खोका कसा निवडावा?

नालीदार पुठ्ठ्याचा शोध इंग्लंडमध्ये लागला. १८५६ साली तेथे त्याचे पेटंट घेतले गेले, ते उंच टोप्यांच्या आतील अस्तरासाठी. पुढे १८७१ साली अमेरिकेत बाटल्या व कंदिलाच्या काचा गुंडाळण्यासाठी त्याचा उपयोग सुरू झाला. दोन सपाट कागदांमधील ती नागमोडी पट्टी धक्का सोसते, हेच त्याचे बळ होय.

बाजारात तीन प्लाय, पाच प्लाय आणि सात प्लाय असे खोके मिळतात. तीन प्लाय म्हणजे दोन सपाट कागद व मध्ये एक नालीदार थर. एक-दोन किलोपर्यंतच्या मालास तीन प्लायचा खोका सहसा पुरतो. काचेच्या बरण्या किंवा जड माल असल्यास पाच प्लाय घ्यावा. पापडास पाच प्लायचा खोका घेणे म्हणजे विनाकारण वजन वाढविणे होय. कापडासाठी तर खोक्याची गरजच नाही. घडी करून आत एक पातळ पिशवी व बाहेर चिकटपट्टीची कुरिअर बॅग एवढे पुरे.

पावसाळ्यात एक दक्षता घ्यावी. पुठ्ठा हवेतील ओल शोषून घेतो आणि त्याचे बळ मोठ्या प्रमाणात कमी होते. आपल्या डोंगराळ भागात हा प्रश्न अधिक जाणवतो. म्हणून खोके सपाट घडी करून, जमिनीपासून उंच फळीवर व भिंतीपासून दूर ठेवावेत.

स्वस्त साहित्य कोठे मिळेल?

पहिला मार्ग पुनर्वापराचा. किराणा दुकाने, औषधांची दुकाने, कापडाची दुकाने यांच्याकडे दररोज चांगले खोके रिकामे होतात आणि रद्दीत जातात. मुंबईत धारावीसारख्या ठिकाणी वापरलेले खोके स्वच्छ करून पुन्हा विकण्याचा व्यवसायच उभा राहिला आहे. आपणही दुकानदाराशी बोलून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मापाचे खोके नाममात्र दराने घेऊ शकतो. जुना खोका सांध्यावर उघडून, आतील बाजू बाहेर करून पुन्हा चिकटविला की जुनी अक्षरे झाकली जातात आणि तो नीटनेटका दिसतो. मोठा खोका कापून लहान करणेही कठीण नाही. जुन्या पत्त्याच्या चिठ्ठ्या व पट्ट्यांचे सांकेतिक ठसे मात्र पूर्णपणे काढून टाकावेत. अन्यथा पार्सल भलतीकडे जाते.

येथे एक गंभीर इशारा देणे आम्हांस आवश्यक वाटते. आपला तालुका शेतीचा आहे. कृषी सेवा केंद्रांतून कीटकनाशकांचे आणि तणनाशकांचे मजबूत खोके सहज मिळतात. ते खाद्यपदार्थांसाठी कदापि वापरू नयेत. बाटली फुटल्याचा डाग दिसत नसला, तरी औषधाचा अंश पुठ्ठ्यात मुरलेला असू शकतो. बाहेरून स्वच्छ दिसणारा फुकटचा खोका कोणाच्या तरी घरातील मुलांच्या ताटापर्यंत विष नेऊ शकतो. असे खोके इतर वस्तूंसाठीही न वापरणेच बरे.

दुसरा मार्ग एकत्रित खरेदीचा. नाशिकच्या सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत पुठ्ठ्याचे खोके तयार करणारे कारखाने आहेत. परंतु कारखानदार पाच-पन्नास नग देत नाही. त्यास शेकड्यांनी मागणी लागते. म्हणून एकटी विक्रेती किरकोळ दुकानाच्या दरात अडकते. समजा, किरकोळ दुकानात जो खोका १८ रुपयांस पडतो, तो कारखान्यात ११ रुपयांस मिळाला. पाच गटांनी दरमहा प्रत्येकी ४० खोके घ्यावयाचे ठरविले, तर मागणी २०० ची होते आणि बचत १,४०० रुपयांची. त्यातून वाहतुकीचे ४०० रुपये वजा केले, तरी १,००० रुपये उरतात. खोके सपाट घडी केलेले येत असल्याने शेतमाल घेऊन नाशिकला गेलेल्या गाडीतून परतीच्या वेळी ते आणता येतात, आणि तेव्हा हा खर्च आणखी कमी होतो. मात्र त्यासाठी पाचही गटांनी दोन-तीन मापांवर एकमत करावयास हवे. प्रत्येकीने आपले निराळे माप धरले, तर हा लाभ मिळत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नालीदार पुठ्ठ्याच्या खोक्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, हेही खरेदी करताना स्मरणात ठेवावे आणि पक्की पावती मागावी.

तिसरा मार्ग आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक असलेला. पूर्वी पार्सल म्हटले की पांढऱ्या जाड कापडात शिवलेले, सांध्यावर लाखेच्या मोहरा उमटविलेले गाठोडे डोळ्यांसमोर येई. फुटण्याचे भय नसलेल्या मालास ही रीत आजही उपयोगी आहे. मालेगाव हे यंत्रमागांचे शहर आपल्या शेजारीच आहे. तेथील जाडेभरडे कापड आणि घरचे शिलाई यंत्र एवढ्यावर मजबूत पिशवी तयार होते. ग्राहक ती पुढे वापरू शकतो, हा आणखी एक लाभ.

आतील भराव

माल फुटतो तो बहुधा आत हलल्यामुळे. खोका बंद केल्यावर कानाजवळ धरून हलवावा. आवाज आला, तर भराव कमी आहे असे समजावे. त्यानंतर एक नमुना पार्सल कमरेच्या उंचीवरून जमिनीवर टाकून, उघडून पाहावे. एका पापडाच्या पुड्याचे नुकसान सोसून पुढील शंभर पुडे वाचतात.

पापडांची चवड समान आकाराच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधली की कडा मोडत नाहीत. मुखवट्यास आतून आधार द्यावा आणि नाक, कान यांसारख्या पुढे आलेल्या भागांस बुडबुड्यांचे प्लास्टिक, म्हणजे बबल रॅप, गुंडाळावे. सर्व मुखवट्यास त्याचे चार वेढे देण्याची गरज नाही. उरलेल्या जागेत चुरगाळलेली रद्दी चालते.

रद्दीचा कागद खाद्यपदार्थास मात्र थेट लागू देऊ नये. छपाईची शाई अन्नात उतरते, आणि २०१८ च्या अन्न वेष्टनविषयक नियमांनुसार वर्तमानपत्रात अन्न गुंडाळण्यास मनाई आहे. पदार्थ प्रथम खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा पिशवीत हवाबंद करावा. त्यावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, उत्पादकाचा पत्ता आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक असावा. भाताचा पेंढा आपल्याकडे मुबलक असला, तरी त्यातून कीड व ओल जाण्याचा धोका असल्याने खाद्यपदार्थांसोबत तो टाळावा.

टेप, पत्ता आणि पिन कोड

दोन इंची चॉकलेटी टेप पुरेशी असते. ती खोक्याच्या मधल्या सांध्यावर आणि दोन्ही कडांवर लावावी. संपूर्ण खोका टेपने मढविण्याने मजबुती फारशी वाढत नाही, रीळ मात्र लवकर संपते. स्वस्त म्हणून पातळ टेप घेतली, तर ती थंडीत सुटते आणि दुप्पट लावावी लागते.

पत्ता चुकल्यास पार्सल परत येते आणि जाण्या-येण्याचे दोन्ही भाडे बहुधा विक्रेत्यासच सोसावे लागते. आपल्या देशातील सहा अंकी पिन कोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातील अधिकारी होते, तसेच संस्कृतचे कवीही होते. सारख्या नावांची गावे आणि निरनिराळ्या लिपी यांतून होणारा घोटाळा टाळणे हा तिचा हेतू. कळवण नावापुढे ४२३५०१ लिहिले की कोणत्याही प्रांतातील कर्मचाऱ्यास ते समजते. म्हणून ग्राहकाकडून पिन कोड व दूरध्वनी क्रमांक आग्रहाने मागून घ्यावा, आणि पार्सल परप्रांतात जाणार असल्यास गाव, जिल्हा व राज्य इंग्रजीतही लिहावे. पत्त्याच्या चिठ्ठीवर पारदर्शक टेप लावल्यास पावसात शाई पसरत नाही.

टपाल की कुरिअर?

खाजगी कुरिअर सेवा शहरांत जलद असते, परंतु काही दुर्गम गावांत ती घरापर्यंत जात नाही. टपाल खात्याचे जाळे तेथेही पोहोचलेले आहे. रजिस्टर्ड टपालाची स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली असल्याने, जुन्या सवयीने विचारणा करणाऱ्यांनी खिडकीवर पार्सलचे सध्याचे प्रकार व दर समजून घ्यावेत. आमची सूचना अशी की, नेहमीच्या दोन-तीन मापांचे खोके भरून एकदा टपाल कार्यालयात आणि एकदा कुरिअरकडे न्यावेत आणि मुंबई, पुणे, नागपूर व परराज्य यांसाठीचे दर एका कागदावर लिहून भिंतीवर लावावेत. असे केल्याने वस्तूची किंमत अंदाजाने नव्हे, तर हिशेबाने ठरेल.

पहिले पाऊल

हे सर्व एकाच दिवशी करणे शक्य नाही. म्हणून धर्मग्रामातील बचत गटांनी व महिला मंडळांनी पुढील बैठकीत एवढेच करावे. प्रत्येकीने आपण पाठवीत असलेले एक पार्सल जसेच्या तसे बांधून आणावे, ते मोजपट्टीने मोजावे, काट्यावर तोलावे आणि वर सांगितलेला भागाकार करून पाहावा. कोणते दोन खोके सर्वांना चालतील, हे त्यातून आपोआप दिसून येईल. मग एका भगिनीने साहित्याची वही ठेवावी, एकीने कारखान्याशी बोलावे आणि एकीने दुकानांतील स्वच्छ खोके गोळा करण्याची जबाबदारी घ्यावी.

डोंगरउतारावर नागली पिकविणाऱ्या, ती दळून पापड लाटणाऱ्या हातांस त्यांच्या श्रमाचा मोबदला मिळावा, तो रिकाम्या खोक्यातील हवा वाहून नेण्यात खर्च होऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे. या कामी सर्व भगिनींस व बंधूंस आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा!